दुर्बिणीच्या काचेवरचं दव आणि घरी केलेला १२ व्होल्टचा हीटर

शर्मिष्ठेचा_एम

माझ्याकडे ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन आहे, म्हणजे पुढे पातळ काच आणि मागे आरसा. हिवाळ्यात नेरळ-वांगणीच्या बाजूला माळावर उभी केली की मध्यरात्रीच्या आत पुढच्या काचेवर दव धरतं. गुरूचे पट्टे पुसट होत जातात आणि शेवटी नुसता उजळ गोळा उरतो. फडक्याने पुसावं तर काचेवरच्या लेपाला ओरखडे.

तयार ड्यू हीटर मिळतात, पण किंमत ऐकून मी दुकानातून काढता पाय घेतला. आत असते ती तारच, तेव्हा घरी करावा म्हणते. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी आहे, वेल्क्रोचा पट्टा आहे, नायक्रोम (शेगडीच्या कॉइलमधली तापणारी तार) आणायची आहे. दुर्बिणीच्या नळीचा घेर ७३ सेंमी.

किती वॉट पुरतील? तार कोणत्या गेजची घेऊ? आणि रात्रभर वाळल्या गवतात तापती तार सोडून द्यायची तर भीती नेमकी कशाची बाळगायची?

ढगाळ

हीटर नंतर, आधी नळकांडं लावा. काचेचं तोंड उघड्या आकाशाकडे असतं, ती आपली उष्णता आकाशात फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. हवा १५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण साडेबारा अंशांवर येतो. काच हवेपेक्षा अडीच अंश खाली गेली की कारभार आटोपला.

जुनी काळी योगा मॅट कापून काचेपुढे ३० सेंमी लांब नळकांडं करा, व्यासाच्या दीडपट. काचेला दिसणारं आकाश कमी होतं आणि दव दोनेक तास तरी लांबतं. काही रात्री तेवढ्यावरच भागतं. माझी अर्धी हौस त्या मॅटवर चालली आहे.

हीटर केलातच तर एक ध्यानात ठेवा. काच तापवायची नाही, ते दोन-तीन अंश परत मिळवायचे एवढंच काम आहे. जास्त ऊब दिलीत तर काचेवरची हवा हलायला लागते आणि तारे उकळल्यासारखे दिसतात.

वायरमनकाका

ढगाळ म्हणतात ते बरोबर. आता तारेचं बोलू. मोटर रिवाइंडिंगमध्ये आयुष्य गेलंय, त्यामुळे लांबण लागेल.

ताई, ८ इंचीला १२ वॉट पुरे. गणित सोपं: व्होल्टचा वर्ग भागिले वॉट म्हणजे ओहम. १४४ भागिले १२, म्हणजे १२ ओहमची तार हवी आणि तिच्यातून १ अँपिअर वाहील.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि इथेच चुकतात. १२ ओहम कितीतरी प्रकारे करता येतात. ३० गेजची नायक्रोम (एसडब्ल्यूजी मापात; गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) मीटरला सुमारे १४ ओहम देते, म्हणजे ८५ सेंमीत काम झालं, नळीला एक वेढा आणि वर थोडी. लोक खूश होतात, कारण तार कमी लागली. पण बारा वॉट त्या एवढ्याशा बारीक तारेतून बाहेर पडणार, म्हणजे मीटरला १४ वॉट. अशी तार मोकळ्या हवेत सहज शंभर अंशांच्या पुढे जाते. पट्टा सुटून गवतात पडला तर काय होईल ते तुम्हीच सांगा.

तेच २६ गेजमध्ये करा. ती मीटरला साधारण साडेसहा-पावणेसात ओहम. १२ ओहमला १८० सेंमी लागेल. पट्ट्यावर ६० सेंमीच्या तीन ओळी, दीड-दोन सेंमी अंतर सोडून. वॉट तेवढेच, पण मीटरला पावणेसातवर आले, शिवाय जाड तारेला उष्णता सोडायला पृष्ठभागही जास्त. पट्टा हाताला कोमट लागेल, चटका बसणार नाही. वॉट किती यापेक्षा ते किती लांबीवर पसरलेत हे आधी पाहावं. तार जितकी लांब आणि जाड, तितकी झोप निर्धास्त.

दुकानात '२६ गेज' म्हणून काय देतील याचा भरवसा धरू नका. मल्टिमीटर घेऊन जा आणि एक मीटर मोजून बघा. पुण्यात असाल तर तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. सुटी तार नाहीच मिळाली तर शेगडीची नवी कॉइल घ्या. १००० वॉटची अख्खी कॉइल ५३ ओहमच्या आसपास असते, तिचा पाव भागही लागणार नाही. हलक्या हाताने ओढून सरळ करा. वापरलेली घेऊ नका, ती ठिसूळ होते आणि घडीवर तुटते.

खोपोलीकर

काका, १२ व्होल्टला एवढं काय घाबरायचं? हात लावला तरी शॉक बसत नाही. मोटारसायकलची वायरिंग आम्ही उघड्या हाताने करतो.

वायरमनकाका

शॉक बसत नाही हे खरं. भीती शॉकची नाहीच, आगीची आहे. शॉक व्होल्ट देतात, आग अँपिअर लावतात, आणि बॅटरीकडे अँपिअर भरपूर. ही सात अँपिअर-अवरची छोटी बॅटरी दोन टोकं भिडली तर क्षणभर शंभर अँपिअरच्या घरात देऊ शकते. साधी वायर लाल होऊन तिचं प्लॅस्टिक पेटायला काही सेकंद पुरतात. मोटारसायकलला फ्यूज असतो म्हणून तुमची वायरिंग अजून जागेवर आहे.

तर ताई, फ्यूज. बॅटरीच्या अधिक टोकापासून वीतभर अंतराच्या आत, हीटरजवळ नाही. फ्यूज राखतो तो स्वतःच्या पुढच्या वायरीला. वायर बॅटरीपाशीच चिरडली तर पलीकडच्या टोकाला बसवलेला फ्यूज नुसता बघत बसतो.

किती अँपिअरचा? चालू करंट एक, तर काचेचा फ्यूज दीड अँपिअरचा. 'जवळ होता म्हणून दहाचा घातला' असं करू नका. तीन ओळींतल्या दोन एकमेकींना टेकल्या तर उरते चार ओहमची तार, करंट होतो तीन अँपिअर आणि ३६ वॉट त्या एका ओळीतून निघतात. दहाचा फ्यूज हे निवांत चालू देईल, दीडचा उडेल.

आणि हो, हीटर चालू असताना बॅटरी चार्जरला लावू नका. चार्जिंगला १४.४ व्होल्ट चढले की बाराचे सतरा वॉट होतात, वर्गाचा हिशोब आहे.

सर्किटराव

चांगली चर्चा. पण २०२०नंतरच्या जगात तार थेट बॅटरीला कोण जोडतं? ५५५ टायमर आणि आयआरएफझेड४४एन मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) घ्या, पीडब्ल्यूएमने, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून, शून्य ते शंभर टक्के ताकद कमी-जास्त करा. नाहीतर डब्ल्यू१२०९ नावाचं तयार थर्मोस्टॅट बोर्ड मिळतं, सेन्सर आणि रिलेसकट (रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच). तापमान लावा आणि विसरा. मग तार २६ असो की ३०, काय फरक पडतो? कंट्रोलर सांभाळेल.

वायरमनकाका

तुमचं सर्किट चांगलं आहे, पण शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे.

मॉस्फेट जळतो तेव्हा बहुतेक वेळा आतून शॉर्ट होऊन जळतो, म्हणजे कायमचा चालू. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात तेही चालू स्थितीतच. सेन्सर पट्ट्यावरून निसटून लोंबला की त्याला गार हवा लागते, आणि तो बोर्डाला सांगत राहतो की अजून तापव. तिन्ही वेळा परिणाम एकच: पूर्ण ताकद, रात्रभर, कोणी बघत नसताना.

म्हणून हीटर असा बांधायचा की कंट्रोलर मेला, पूर्ण ताकद कायम राहिली, पट्टा सुटून घडी होऊन पिशवीत पडला, तरी काही पेटू नये. ते जमलं की वर हवं ते सर्किट लावा. सर्किट बॅटरी वाचवायला आणि सोयीला आहे, राखणीला नाही.

सर्किटराव

मान्य. मग मधला मार्ग सांगतो. पट्ट्यातच एक थर्मल फ्यूज ओवा, ७० ते ८० अंशांच्या मधला, तारेच्या अगदी शेजारी. तो एकदा उडाला की उडाला, त्यात चिकटायला काही नाही. आणि केएसडी९७०० नावाचा छोटा द्विधातू स्विच येतो, ४५ किंवा ५० अंशांचा. दोन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग. जोडताना थर्मल फ्यूजच्या पायांवर सोल्डरिंग आयर्न धरू नका, तो तिथेच उडतो. क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत घालून दाबा.

वायरमनकाका

हे बेस्ट. हे घालाच.

जोडाचा विषय निघालाच आहे तर, नायक्रोमला साधं सोल्डर धरत नाही. नुसतं गोळा होऊन बसतं, आपल्याला वाटतं जोड झाला. तिला तांब्याच्या वायरीबरोबर फेरूलमध्ये (धातूच्या छोट्या नळीत) घालून दाबा, किंवा पितळी स्ट्रिप कनेक्टरमध्ये स्क्रूने आवळा. ढिला जोड हा स्वतःच एक हीटर असतो, आणि त्याचे वॉट कोणी मोजलेले नसतात. जोड पट्ट्याच्या टोकाला, तापत्या भागाबाहेर ठेवा. प्रत्येक ओळ फायबरग्लास स्लीव्हमधून ओवा. रिवाइंडिंगवाल्याकडे मीटरवर मिळते, स्वस्त असते.

इडलीवाली_नाशिक

मी खगोलवाली नाही, पण धागा उघडला तो बंदच करवेना. आमच्याकडे जानेवारीत इडलीचं पीठ चोवीस तासांतही फुगत नाही. आइसबॉक्समध्ये पातेलं ठेवून असाच १२ वॉटचा पट्टा चालेल का? मला आत ३० अंश हवेत.

ढगाळ

पातेल्यावर गोधडी घाला हो.

इडलीवाली_नाशिक

गोधडी घालून झाली, सासूबाईंच्या तीन पिढ्यांची. आता विज्ञान हवंय.

वायरमनकाका

चालेल, पण हिशोब बदलतो. दुर्बीण उघड्यावर असते, तिची ऊब वारा घेऊन जातो. तुमची पेटी बंद असते आणि ऊब आतच साचते. बारा वॉटने ती किती तापेल हे पेटीच्या जाडीवर आणि बाहेरच्या थंडीवर ठरतं, कागदावर सांगता येणार नाही. म्हणून थर्मोस्टॅट न लावता, पाण्याचं पातेलं आत ठेवून, दिवसा घरात असताना सहा-आठ तास चालवून बघा. तापमान चढून जिथे स्थिरावेल तो तुमचा सर्वांत वाईट आकडा. तो ४५च्या आत राहिला तर मग थर्मोस्टॅट ३०वर लावा. वर गेला तर आधी वॉट कमी करा.

पट्टा थर्माकोलला चिकटवू नका. ते ऐंशी अंशांच्या पुढे आकसायला लागतं आणि पेटलं तर भडकतं. एखाद्या जुन्या ॲल्युमिनियमच्या ताटाच्या पाठीवर बसवा, ताट ऊब पसरवतं. आणि तुमच्याकडे विजेचा ॲडॉप्टर लागणार, तो बीआयएसचा शिक्का असलेला, किमान २ अँपिअरचा घ्या. त्याला पेटीबाहेर, कोरड्या जागी, मोकळ्या हवेत ठेवा.

खोपोलीकर

मग हाच पट्टा आईच्या गुडघ्याला बांधला तर? थंडीत फार दुखतं तिचं. ४५ अंश म्हणजे कोमटच ना.

औषधवाली

नको. मी फार्मसीत काम करते, म्हणून मध्ये पडतेय.

कोमट आहे म्हणूनच धोका आहे. चटका बसला तर माणूस हात काढतो. ४४ अंशांना काही वाटत नाही, पण सलग सहा तास त्वचेवर राहिलं तर भाजतं. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी हे मोजून दाखवलं होतं, आजही तोच आकडा धरतात. तापमान जसं वाढतं तशी वेळ झपाट्याने कमी होते, ५० अंशांना मिनिटांत काम होतं. त्यातून वयस्कर माणसाची त्वचा पातळ, मधुमेह असेल तर पायांना संवेदना कमी, झोपेची गोळी घेतली असेल तर जागही येत नाही. सकाळी फोड दिसतात आणि मधुमेह्याची ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

विकतचे शेकायचे पॅडसुद्धा लावून झोपू नये असं त्यावर लिहिलेलं असतं. घरी केलेला पट्टा माणसाच्या अंगाला लावायचाच नाही. तान्ह्या बाळाच्या अंथरुणातही नाही, हेही लिहून ठेवते, कारण पुढचा प्रश्न तोच येतो.

खोपोलीकर

बरं झालं विचारलं. गरम पाण्याची पिशवी झिंदाबाद, तीही टॉवेलात गुंडाळून.

रातराणी७

वाचनखूण साठवली. एक शंका: बॅटरीऐवजी डिमरस्टॅट १२ व्होल्टवर आणून चालवला तर? लॅबमधून निघालेला एक माझ्याकडे पडून आहे.

सर्किटराव

अजिबात नाही. डिमरस्टॅट हा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, त्यात एकच गुंडाळी. बाहेरची दोन टोकं घरच्या लाइनपासून वेगळी झालेलीच नसतात. मीटरवर १२ व्होल्ट दिसतील, पण प्लग उलटा बसला तर दोन्ही टोकं जमिनीच्या मानाने २३० व्होल्टच्या आसपास. दवाने ओलं गवत, अनवाणी पाय, धातूची दुर्बीण. पुढचं लिहीत नाही. पंख्याचा रेग्युलेटर, दिव्याचा डिमर यांचंही तेच. दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर किंवा चांगला एसएमपीएस (ॲडॉप्टरसारखा वीजपुरवठा) चालतो, तोही घरात. माळावर बॅटरीच.

तारापथिक

कॅमेऱ्यावाल्यांसाठी भर घालतो. तारकांच्या रेषांचे फोटो काढताना लेन्सवर दव धरतं, तिथे १२ व्होल्टची गरज नाही. यूएसबीच्या ५ व्होल्टवर ५ ओहम म्हणजे ५ वॉट, १ अँपिअर. काकांच्या २६ गेजची ७५ सेंमी तार, लेन्सभोवती तीन वेढे. पॉवर बँकेत स्वतःचं शॉर्ट-संरक्षण असतं, तरी मी पाऊण मीटर वायर सोडून फ्यूज घालतो.

वायरमनकाका

तारापथिक, पाऊण मीटर सोडून नको, प्लगच्या जवळ घाला. वर लिहिलंय का ते. बाकी उत्तम.

शर्मिष्ठेचा_एम

सगळ्यांचे आभार. पट्टा झाला. २६ गेज म्हणून मिळालेली तार मोजली तर मीटरला ६.४ ओहम निघाली, म्हणून १८८ सेंमी घेतली. स्लीव्ह, फेरूल, दीडचा फ्यूज, ७७ अंशांचा थर्मल फ्यूज, ५० अंशांचा स्विच. ओट्याच्या कडाप्प्यावर दोन तास पूर्ण ताकदीवर चालवला. मग मुद्दाम घडी घालून टॉवेलात गुंडाळून चालवला, मी शेजारीच बसून. स्विचने मध्येच कापलं, थोड्या वेळाने परत जोडलं. टॉवेल नुसता ऊबदार.

दोन गोष्टी उरल्या. जोड दवात भिजतील, ते सिलिकॉनने बंद करू का? आणि बॅटरी किती तास टिकेल?

वायरमनकाका

टॉवेलची चाचणी वाचून बरं वाटलं. एवढं लोक करत नाहीत.

सिलिकॉन चालेल, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो नको. त्यातून निघणारं आम्ल तांबं खातं, वर्षभरात जोड हिरवा पडतो. दुकानात 'न्यूट्रल क्युअर' म्हणून मागा. वरून हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी.

बॅटरीचं सात अँपिअर-अवर हे वीस तासांत हळूहळू काढल्यावरचं माप आहे. एक अँपिअरने ओढलीत तर सहाएक तास, पण तेवढी रिकामी केलीत तर ती लवकर मरते. निम्म्यावर थांबा, म्हणजे तीन तास. रात्र काढायची तर सर्किटरावांचं पीडब्ल्यूएम लावा आणि ५० टक्क्यांवर चालवा. इथे ते खरंच कामाचं.

ढगाळ

५० टक्केसुद्धा कोरड्या रात्री जास्तच. नळकांडं लावलं असेल तर ३० टक्क्यांपासून सुरू करा आणि काच टॉर्चने तिरकी बघत वाढवा. दव बसायच्या आधी चालू करा. बसलेलं दव सुकवायला बसू न देण्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते.

शर्मिष्ठेचा_एम

एक शेवटचं. फाइंडरच्या (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या) ५० मिमी भिंगावरही दव धरतं. त्याच फ्यूजवरून दुसरा छोटा पट्टा काढू का?

सर्किटराव

त्याला २ वॉट पुरतात, म्हणजे ७० ओहमच्या आसपास. ते २६ गेजच्या तारेत करायचं तर दहा-अकरा मीटर लागेल, म्हणून तिथे तार सोडा. ३३० ओहमचे पाच रेझिस्टर समांतर जोडा, ६६ ओहम होतात आणि २.२ वॉट मिळतात. प्रत्येकावर अर्ध्या वॉटच्याही खाली भार येतो, तरी एक वॉटचेच घ्या. अर्ध्या वॉटचे १२ व्होल्टला कसेबसे तगतात आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीला मर्यादेवर जातात. यांना सोल्डर धरतं आणि एखादा गेला तर बाकीचे चालू राहतात.

फ्यूज मात्र वेगळा, पाव अँपिअरचा. या पट्ट्याचा करंट ०.१८ अँपिअर आहे आणि वायर बारीक असणार. दीडचा फ्यूज तिला काहीच राखणार नाही. बॅटरीपाशीच दोन फाटे करा, प्रत्येकाला आपापला फ्यूज, आणि होल्डरवर मार्करने आकडा लिहून ठेवा, म्हणजे अंधारात बदलताना अदलाबदल होणार नाही.